आराम हाय

रविवार, ८ नोव्हेंबर १९८७. पडेगाव.

आज मी माझ्या खोलीत राहायला आले. माझ्या खोलीत! कुलपाची किल्ली सकाळपासून तीनदा पिशवीतून काढून बघितली. दादा, म्हणजे माझे वडील, सोडायला आले होते. कन्नडपासून इथपर्यंत गाडीतल्या एकूण एक माणसाला त्यांनी सांगितलं, की आमची आशा बी. ए. झाली, घरातली पहिलीच, आता मास्तरीण व्हायली. शेवटी कंडक्टर म्हणाला, बाबा, आता फक्त ड्रायव्हरला सांगायचं राहिलं. तर दादा खरंच उठून पुढं गेले.

खोली म्हणजे रुईच्या, सरकी काढलेल्या कापसाच्या, जुन्या गोदामाचा एक तुकडा. निजामाच्या वेळचं गोदाम. पोलीस ॲक्शननंतरही दहा-बारा वर्षं चाललं म्हणे, मग मालकानं तुकडे पाडून विकलं. दगडी भिंती हातभर जाड. अगदी वर, छताला लागून एक झरोका. पलीकडचा मोठा भाग रिकामाच आहे, त्याला कुलूप असतं. मालकीणबाईंचं नाव मनकर्णाबाई. साठीच्या असतील. काटक, कमी बोलणाऱ्या. सामान ठेवलं तसं त्यांनी विचारलं, त्रास काय हाय तुला? मला हसूच आलं. आमच्याकडं पाहुण्याला ‘आराम हाय ना?’ विचारतात. मी सांगितलं, आराम आहे. 

सोमवार, ९ नोव्हेंबर

शाळा छान आहे. तिसरीचा वर्ग, बेचाळीस मुलं. मुख्याध्यापक काकासाहेब माणूस वाईट नाही, पण शिस्तीचे. म्हणाले, मागच्या बाईंना दम्याचा विकार निघाला, अर्ध्या वर्षात त्यांना घरी बसवावं लागलं. तुमची प्रकृती कशी? नोकरी एक वर्षाच्या बोलीवर आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, आराम आहे सर.

खोटं बोलले. ही वही माझी आहे, इथं खरं लिहायला हरकत नाही. माझ्या छातीतल्या नळ्या आकसलेल्या आहेत. लहानपणापासून. आईच्या चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या जळायच्या आणि मी शेजारी बसून पाढे म्हणायची. हा आजार जायचा नाही. डॉक्टर भानुमतींनी मला हे कॉलेजात असतानाच स्पष्ट सांगितलं आणि ही वही ठेवायला लावली. त्यांचं म्हणणं, रोग जायचा नाही तर निदान त्याची चाल ओळखायला शीक. तुझं रोजचं कसं असतं हे तुला ठाऊक असेल, तरच बदल कळेल. आणि मला विचारल्यावर आराम आहे म्हणू नकोस. तुमच्याकडची बाई मेल्यावरही आराम आहे म्हणेल.

तर आजचं: मिनिटाला श्वास १८. कफ पांढरा, थोडा. शाळेपर्यंत सहाशे दहा पावलं, एकदाही न थांबता. डोक्याखाली उशी एक; धाप वाढली की उशा वाढतात. श्वासाचा पंप सकाळी आणि संध्याकाळी.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

श्वास १८. कफ पांढरा. उशी एक.

वर्गात नवीन प्रयोग सुरू केला. हजेरीला नुसतं ‘हजर बाई’ म्हणायचं नाही. काही दुखत असेल तर तेही सांगायचं. पहिल्या दिवशी सगळे गप्प. आज सात दात, दोन पोटं आणि एक कान निघाला. मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, मला गणिताचा लई त्रास हाय. वर्ग हसला, मीही हसले. पण कान सांगणाऱ्या पोरीचा कान खरंच वाहत होता. तीन महिने वाहत होता आणि त्या पोरीनं घरी सांगितलं नव्हतं.

मुलांना खरं बोलायला शिकवते आणि स्वतः काकासाहेबांना — जाऊ दे.

मनकर्णाबाई रोज सकाळी तेच विचारतात. त्रास काय हाय आज? मी रोज तेच सांगते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

थंडी वाढली. पहाटे छाती आवळून जाग आली. हे नेहमीचं आहे, पहाट माझ्यासारख्यांना वाईटच. छातीत शिट्टी वाजत होती. पंप घेतला, भिंतीला टेकून बसले आणि श्वास मोजायला लागले. बावीस.

मोजताना भिंतीपलीकडून आवाज आले. आधी एका पुरुषाचा, मग बाईचा. परत पुरुष, परत बाई. शब्द कळले नाहीत. दिवस उजाडला तसे थांबले. शाळेत जाताना मुद्दाम पाहिलं. पलीकडच्या भागाला कुलूप आहे, आणि कुलपावर कोळ्याचं जाळं.

कुणाचा तरी रेडिओ असेल.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

श्वास २२. कफ पिवळसर, चिकट. उशा दोन. शाळेच्या वाटेवर एकदा थांबावं लागलं. चप्पल नीट करण्याचं नाटक केलं. डॉक्टर भानुमतींनी पिवळ्या रंगाबद्दल बजावलेलं आहे. रविवारी शहरात जाऊन दाखवेन.

रेडिओ नाही. आज शब्द ऐकू आले. हजेरी आहे. पुरुष नाव घेतो आणि पुढं विचारतो, आराम हाय का? बाई उत्तर देते, आराम हाय. चतुरा. द्वारका. वच्छला. साळू. चार नावं. प्रत्येकीचा आवाज वेगळा, पण बोलतात सगळ्या एका सुरात, श्वास न घेता. वर्षानुवर्षं मी माणसांचे श्वास ऐकत आले आहे, आधी माझे, मग दवाखान्यात इतरांचे. बोलायच्या आधी माणूस थोडी हवा आत घेतो. या बायका घेत नाहीत.

चौथ्या नावानंतर तो थांबतो. पाचवं नाव शोधत असल्यासारखा.

शनिवार, २१ नोव्हेंबर

मनकर्णाबाईंना आडून विचारलं, की इथं पूर्वी कोण काम करायचं? त्या म्हणाल्या, बाया. मुकादमाच्या हाताखाली रुईतला कचरा वेचायच्या. झरोका तेवढा एक, रुई उडायची, सगळं धुकं. एवढं सांगून त्या माझ्याकडं वळल्या आणि एकदम विचारलं, की पोरी, तुला धाप लागती का? मी म्हणाले, नाही हो, आराम आहे. खोली सोडायला लावली तर शाळेत कळेल, ही भीती.

त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, बरंय मग. ज्याला धाप लागती त्यालाच इथं करमत नाय.

रविवार, २२ नोव्हेंबर

शहरात गेले नाही. काकासाहेबांनी शाळा-तपासणीच्या तयारीसाठी बोलावलं. श्वास २४. कफ पिवळा. उशा तीन. शिट्टी दिवसभर. सगळं लिहून ठेवते आहे. लिहिलं म्हणजे हातात राहतं.

भूत वगैरे मी मानत नाही. मानत असते तरी कुणा मुकादमाला भिऊन ही खोली सोडणार नाही. ही माझी पहिली खोली आहे.

सोमवार, २३ नोव्हेंबर

पहाटे अर्धवट झोपेत होते. चार नावं झाली. तो थांबला. मग म्हणाला, आशा.

आराम हाय का?

आणि मी, सवयीनं, जशी दादांना, काकासाहेबांना, मनकर्णाबाईंना सांगते तशीच, भिंतीकडं तोंड करून —

म्हणाले, आराम हाय.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

शिट्टी थांबली. पूर्ण. खोकला नाही, कफ नाही. कालपासून एकदाही उबळ नाही. छाती लहानपणापासून कधी इतकी शांत नव्हती. शाळेत तपासणी झाली, साहेब खूश, काकासाहेब म्हणाले बाई तुम्ही कायम होणार. दादांना पत्र टाकलं, सर्व आराम आहे म्हणून.

श्वास मोजले. २८. चूक झाली असेल.

बुधवार, २५ नोव्हेंबर

श्वास ३०. परत मोजले. ३०.

त्रास काही वाटत नाही. झोप येते. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो. चारशे पावलांवर पाय उचलेना, पण दमल्यासारखंही वाटलं नाही. पंप घेतला, काहीच फरक नाही. आत जायला जागाच नसावी तसा.

वहीची मागची पानं चाळली. आकडे वाईट आणि मी बरी. दोन्ही खरं कसं असेल?

गुरुवार, २६ नोव्हेंबर

वर्गात एक पोरगी म्हणाली, बाईंनी नखांना शाई लावली. पोरं हसली. मी हात बघितले.

निळी. दहाही.

आणि मग डॉक्टर भानुमतींचं वाक्य आठवलं. इतके दिवस कसं आठवलं नाही! शिट्टी वाढली तर घाबर, पण शिट्टी एकाएकी थांबली आणि श्वास वाढत गेला तर त्याहून घाबर. शिट्टी वाजायलाही हवा लागते, पोरी. ती आत जात नसेल तर छाती गप्पच राहणार.

मधल्या सुट्टीत काकासाहेबांसमोर उभी राहिले. भिंतीला धरून. एका दमात वाक्य होईना, तीन तुकड्यांत सांगितलं. मला दमा आहे. खोटं बोलले होते. लागण होणारा आजार नाही, नीट औषध घेतलं तर मी शिकवू शकते, आणि मला घरी बसवायचं असेल तर कारण कागदावर लिहून द्या.  मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली.

संध्याकाळी मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून खाली बसल्या. रडत रडत बोलल्या. मुकादम पहाटे दारात उभा राहायचा, आराम हाय का विचारायचा. त्रास हाय म्हणणारीला त्या दिवसापासून काम नाही. म्हणून सगळ्या आराम हाय म्हणायच्या. रक्त पडत होतं तरी म्हणायच्या. आधी चतुरा गेली, मग द्वारका, मग वच्छला. साळू तर हजेरीतच गेली, आराम हाय म्हणता म्हणता. मनकर्णाबाई पाचव्या. त्या एके दिवशी म्हणाल्या, त्रास हाय. मुकादमानं हाकललं, सासूनं उपाशी ठेवलं, पण त्या जगल्या. म्हणून त्या कुणालाच आराम विचारत नाहीत. म्हणाल्या, म्या रोज इचारत व्हते की गं तुला, एकदा तरी खरं सांगायचं व्हतं.

शेवटची बस गेली. शेजारच्या बद्रीनाथचा टेम्पो कांदे घेऊन गेलाय, पहाटे येईल. मग शहरात, घाटीच्या सरकारी दवाखान्यात. जायच्या आधी ‘आराम हाय’ हा बोल परत घ्यायचा, असं मनकर्णाबाई म्हणतात. हजेरीतच. त्याच्या तोंडावर.

घेईन.

शुक्रवार, २७ — पहाट

टेम्पोचा आवाज आला म्हणून मनकर्णाबाई सडकेवर गेल्या. बसून आहे. आडवं होता येत नाही.

श्वास ३८. शिट्टी नाही.

झोपायचं नाही. झोपायचं नाही.

सुरू झालं.

चतुरा — आराम हाय. द्वारका — आराम हाय.

भिंतीपलीकडून नाही. खोलीतून. पायाशी.

वच्छला. साळू.

आशा.

तोंड आपोआप उघडतंय — जीभ — ‘आ’ वर — माझी नाही ती —

दात आवळले. आवाज निघत नाही. त्रास म्हणायला हवा लागते, तेवढी नाही.

पण लिहिता येतं. त्यांना येत नव्हतं. त्या अंगठा लावायच्या. मला येतं.

आरा

खोडलं. हात त्यानं धरलाय. खोडलं.

त्रास आहे. मी आशा, बी. ए. मला त्रास आहे. श्वास अडतोय, नखं निळी आहेत, मला त्रास आहे.

थांबला तो.

एक बाई खोकली. चतुरा असेल. आता दुसरी. सगळ्या — सगळ्या खोकतायत — केवढ्यानं —

छातीत बारीक — शिट्टी! वाजली! माझी —

सडकेवर हॉर्न. मनकर्णाबाईंची हाक.

तो दारात. वाट अडवून. परत विचारतोय. मोठ्यानं.

लिहिते. शंभरदा लिहीन. त्रास आहे. त्रास आहे. त्रास आ