हात धरण्याचा पाठ

गंधवानी,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८३०

तीर्थरूप माईस भगवंताचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. थंडी पडली आहे. तू पाठवलेली गोधडी पांघरतो. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून माझी पत्रे तुझी सूनच तुला वाचून दाखवते, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. मी तिला वाचायला शिकवले त्यात जोडाक्षरे राहून गेली होती.

शाळेचे सांगतो. दरबारचे तपासनीस येऊन गेले. त्यांचे म्हणणे, मुलांना नुसते पाठांतर नको, भोवतालची सृष्टी कळली पाहिजे. म्हणून काल वर्ग मोहाच्या झाडाखाली नेला. एकेकाला एकेक जीव केले: गवत, गाय, गांडूळ, मोह, वटवाघूळ. सांगितले, ज्याच्यावाचून तुमचे चालत नाही त्याचा हात धरा. गाईने गवताचा धरला. मोहाने वटवाघळाचा, कारण रात्री फुलाफुलांवर तेच हिंडते, तेव्हा फळ धरते. मारुतीला गिधाड केले तर तो रुसला. "म्हूं गिधाड नी बणूं. म्हारे गाय बणाओ." मी विचारले, मेलेली गाय कोण खाईल? गाय झालेल्या मुलीने जरा विचार करून त्याचा हात धरला. "अब तो थने मरनो पड़ेगा," मारुती म्हणाला. सगळे हसले.

कोणी सुटे राहिले नाही. तेवढ्यात गांडूळ झालेली मालन म्हणाली, "माट्साब, तम कणी को हाथ पकड़ोगा?"

मी कालची शाळा तिथेच सोडली.

तुझे पाणी, औषध, पूजेची फुले, सगळे तुझ्या सुनेवर आहे हे मला माहीत आहे. तू देवासचे घर सोडून या रानात येणार नाहीस, हेही. तेव्हा माझे मागणे काही नाही.

वाचणारीस: पुढची ओळ मोठ्याने वाचू नये.

मी अजून दोघांच्या भाकरी करतो.

तुझा आज्ञाधारक,
भगवंत


देवास,
पौष शुद्ध ३, शके १८३०

चिरंजीव भगवंतास माईचा आशीर्वाद. मी सांगते, ही लिहिते.

पत्र पोचले. त्या मारुतीचे ऐकून पुष्कळ हसले. शेवटाशी ही वाचता वाचता थांबली. म्हटले, "संपले का गं?" म्हणाली, "शाई पसरली आहे." तुझी शाई कधी पसरलेली मला आठवत नाही. मी पुढे विचारले नाही.

संक्रांत झाली की ये आणि हिला घेऊन जा. माझे एकटीचे होईल. भिंती ओळखीच्या आहेत.

वरचे माईंचे. हे माझे, त्यांना वाचून दाखवणार नाही.

संक्रांतीनंतर येऊ नये. आज सकाळी माई मला हाका मारत राहिल्या. मी समोरच फुले निवडत बसले होते; मी गेल्यावर कसे होईल ते पाहावे म्हणून आधी ओ दिली नाही. ओ दिली तेव्हा त्यांनी चाचपत माझा हात धरला. मग काम काय होते ते विचारले, तर म्हणाल्या, काही नाही. हात मात्र सोडला नाही. फुले तशीच राहिली.

जोडाक्षरे आता येतात.

भाकरी मात्र दोघांच्याच कराव्यात.

वाचणारी