गोमतीबाईची लिंक आणि कंपनीचा दुसरा दरवाजा

शेलूबाजार,
रविवार, जेवणानंतर

प्रिय प्रसेनजित यास,

तुझ्या भाऊजीचा मनापासून जयभीम. तुझी पाठ कशी आहे, सौ. धम्मदीपाच्या शाळेतली मुलं तिचं ऐकतात की नाही, आणि नागपुरात भाड्याच्या घराला अजून तीच मालकीण आहे की बदलली, ते सविस्तर कळव. (तू बँकेत असून मला कधी कर्ज घे म्हणाला नाहीस, या माणुसकीचा उल्लेख मी चारचौघांत करत असतो.) माझी तब्येत बरी आहे. गुडघा उठताना बोलतो, बसताना गप्प राहतो. तुझ्या बहिणीची तब्येत तर ठणठणीत आहे, आणि हे पत्र तिच्याविषयीच असल्यामुळे नीट मांडी घालून वाच.

तुला ठाऊकच आहे, गोमतीबाईला आजवर एकही वस्तू पूर्ण पसंत पडलेली नाही. लग्नात तुमच्या घरून आलेल्या हंड्याचा गळा तिला अरुंद वाटला होता. मी जीप घेतली त्या दिवशी अख्खा स्टँड पेढे खात होता आणि ही बाई जीपच्या मागची शिडी हलवून पाहत होती. (शिडी पुढे तुटली. पण नव्या जीपची शिडी कोणी हलवून पाहतं का?) भाजीवाला तिला लांबून पाहिलं की चांगली वांगी आपणहून वर काढून ठेवतो. हा स्वभाव म्हणजे संसारात सोसायची एक गोष्ट, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता माझी समजूत साफ बदलली आहे. बाबा रे, ती विद्या आहे विद्या!

झालं असं, की आमची नीलिमा सुट्टीत आली तेव्हा तिनं आईचा सहज एक व्हिडिओ काढला. आम्ही नुकताच 'गरगर' नावाचा मिक्सर घेतला होता. गोमतीबाईनं तो समोर ठेवला आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते पाठ झालं आहे. "हा मिक्सर. याचा आवाज मळणीयंत्रावानी आहे. झाकण ढिलं आहे, हातानं दाबून धरा, नाही तं भिंत पुसत बसा लागते. पण जवसाची चटणी अशी बारीक करते का बोलायचं काम नाही. घरी पैसा जास्त असन तं दुसरा घ्या. नसन तं हाच घ्या." संपलं. ना हसू, ना नमस्कार. नीलिमानं ते इंटरनेटवर टाकलं, आणि प्रसेनजित, लोक तुटून पडले! चिपळूणच्या बाया लिहू लागल्या, गोंदियाच्या लिहू लागल्या. सगळ्या एकच म्हणत होत्या, की वस्तूतलं वाईट सांगणारी बाई आम्ही पहिल्यांदा पाहिली, मावशी, लिंक द्या.

आता लिंक म्हणजे काय, हे तू बँकेत असल्यामुळे तुला माहीत असेल, तरी मला जसं समजलं तसं सांगतो. (मला समजलं याचाच आनंद फार आहे.) कंपनी तुला एक लिंक देते. तू ती लोकांना द्यायची. कोणी त्या लिंकवर बोट ठेवून कंपनीच्या दुकानात गेलं, की त्याच्या पाठीवर तुझ्या नावाची एक चिठ्ठी चिकटते, न दिसणारी. त्यानं माल घेतला की कंपनी ती चिठ्ठी वाचते आणि तुझं कमिशन तुझ्या नावावर चढवते. गिऱ्हाईक तुला ओळखत नाही, तू गिऱ्हाइकाला ओळखत नाहीस. चिपळूणच्या बाईनं बोट दाबलं तर शेलूबाजारात गोमतीबाईला कळतं. मी जन्मभर जीप चालवली, पण माणूस आणल्याबद्दल पैसे मिळायला मला आधी माणूस स्वतः आणावा लागत होता! इथे माणूस घरातून हलत नाही आणि तरी पोहोचतो.

नीलिमानं गरगर कंपनीकडून आईच्या नावाची लिंक घेतली आणि व्हिडिओखाली टाकली. कंपनीनं मोबाइलवर एक पानही दिलं होतं. लिंकवरून किती जण आले आणि किती जणांनी घेतलं, ते त्यावर दिसे. 'आले' या रकान्यात तर जत्रा लोटली होती. 'घेतलं' मध्ये शून्य. आठवडा गेला, महिना गेला, शून्य काही हललं नाही. आणि इथूनच आमच्या घरावर संकट आलं. तुझ्या बहिणीनं दोष काढणं बंद केलं.

तुला हे हलकं वाटेल. पण तू ते दिवस पाहिले नाहीस. मी मुद्दाम किडकी वांगी आणली, तिनं निमूट चिरली. भाजीत मीठ विसरलं, तिनं जेवून घेतलं. एकदा मी स्वतः भाकरी थापली (तिचा आकार साधारण आपल्या राज्याच्या नकाशासारखा झाला होता), तर म्हणाली, "चांगली झाली." माझ्या अंगावर काटा आला. शेवटी मी विचारलंच, की काय दुखतं. ती म्हणाली, "काही नाही. एवढे लोक आले, अन् माह्या शब्दावर एकानंही घेतलं नाही. मंग मी कायले बोलू?" पैशाचं नाव तिनं काढलं नाही. एवढंच म्हणाली आणि धुणं घेऊन गेली.

मग मी ठरवलं, की हिच्या शब्दावर मिक्सर घेतलेला निदान एक माणूस शोधून काढायचा. कामरगावच्या सरिता नावाच्या एका बाईनं व्हिडिओखाली लिहिलं होतं, की मावशी, तुमचं ऐकून घेतला, छान आहे. मी जीप काढली आणि सरळ कामरगाव गाठलं. तिथे किराणा दुकानात घर विचारलं, दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "गरगर मिक्सर तुमच्याकडेच आहे का?" बाईनं मला खालून वर पाहिलं, आत गेली आणि कडी लावली. आतून ओरडली, "पैसे पूर्ण भरले आहेत! मिक्सर वापस भेटणार नाही!" (कंपनीचा माणूस मिक्सर उचलून न्यायला आला, अशी तिची समजूत झाली. माझा चेहरा तसा आहे का, हे तू खरं सांग.) शेजारी जमले. मी गोमतीबाईचा नवरा आहे हे मी तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तेव्हा कडी निघाली, आणि त्यानंतर मला जो मान मिळाला तो आमच्या लग्नातही मिळाला नव्हता. चहा, वर पोहे. पोरीबाळी दारातून डोकावून पाहत होत्या, की मावशीचा नवरा आला, मावशीचा नवरा आला.

सरितानं मोबाइल काढून कसं घेतलं ते दाखवलं. गोमतीबाईच्याच लिंकवर बोट ठेवलं. दुकान उघडलं. आणि दुकान उघडल्याबरोबर समोर एवढी मोठी पाटी आली: आमच्या अ‍ॅपमधून घ्या, शंभर रुपये कमी. कोणीही शहाणा माणूस घेईल, तिनंही घेतलं. आणि प्रसेनजित, तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. चिठ्ठी चिकटली होती पहिल्या दारात. कंपनी गिऱ्हाइकाला प्रेमानं म्हणते, बाई, इकडून या, इकडे स्वस्त. त्या दुसऱ्या दरवाजातून जाताना चिठ्ठी गळून पडते. गिऱ्हाईक आत, माल विकला, आणि पाठवणारीचं नाव उंबऱ्याबाहेर. कोणाचा हात खिशात गेला नाही, कोणी खोटं बोललं नाही, आणि कमिशन गायब! मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, आधी मी थक्कच झालो. आमच्या स्टँडवर सवाऱ्या पळवणारे एकाहून एक पाहिले, पण हे डोकं कोणाजवळ नव्हतं.

घरी येऊन सगळं सांगितलं. माझी अपेक्षा होती, की ती कंपनीला शिव्या घालेल. तिनं फक्त विचारलं, "म्हणजे तिनं माह्यं ऐकूनच घेतला?" मी म्हणालो, हो, आणि तिच्या शेजारणीनंही. ती उठली, चहा ठेवला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "काय पत्ती आणली तुमी, नुसता भुसा आहे." प्रसेनजित, त्या भुशाचे मी दोन कप प्यायलो.

नीलिमानं कंपनीला कडक शब्दांत लिहिलं. उत्तर आलं नाही, पण माणूस आला. प्रज्वल नावाचा तरुण मॅनेजर, पांढरा शर्ट, हातात पुष्पगुच्छ आणि नवा मिक्सर. गोड बोलला. तुमच्यासाठी दुप्पट कमिशन, तुमचा फोटो आमच्या खोक्यावर, फक्त ते झाकणाचं वाक्य व्हिडिओतून काढून टाका, म्हणाला. मी तर खोक्यावरचा फोटो डोळ्यांपुढे आणू लागलो होतो. गोमतीबाई म्हणाली, "बरं. ठेचा करा लागते, तुमीच लावा मिक्सर." मिरच्या, लसूण, थोडं पाणी घालून तिनं भांडं पुढे ठेवलं. त्यानं ऐटीत बटण दाबलं. त्यानं तिचा व्हिडिओ पूर्ण पाहिला नसावा. झाकण उडालं, ठेचा उडाला, आणि प्रज्वल डोक्यापासून कमरेपर्यंत हिरवा झाला. डोळ्यात मिरची गेली म्हणून बिचारा नाचायला लागला. तिनं त्याला मोरीवर नेलं, डोळे धुतले, शर्ट भिजत घातला, माझा सदरा दिला आणि जेवायला बसवलं.

पोटात भाकर गेल्यावर तो खरं बोलला. म्हणाला, "काकू, दुसरा दरवाजा मुद्दाम केलेला आहे. मलाही अ‍ॅपच्या विक्रीवरच शाबासकी भेटते. वर सांगतो म्हणलं तर वरचे ऐकत नाहीत." गोमतीबाईनं त्याच्या ताटात आणखी पिठलं वाढलं आणि म्हणाली, "तुह्या हातात नाही तं नाही. पण माह्या हातात माह्यं तोंड आहे. झाकणाचं वाक्य राहीन."

दुसऱ्या दिवशी तिनं नवा व्हिडिओ केला. त्यात ती म्हणाली, "मी सांगतो तवा मले कमिशन भेटते, हे तुमाले माहीत असू द्या. कंपनीचे दरवाजे दोन आहेत. लिंकच्या दरवाजानं माह्यं नाव राह्यते, अ‍ॅपच्या दरवाजानं तुमचे शंभर वाचतात. तुमी शंभर वाचवा. तुमच्या घरचे आहेत. मले फक्त लिहून कळवा, का तुमी ऐकलं." मी कपाळावर हात मारला. आपल्याच दुकानाला कोणी असं कुलूप लावतं का?

आणि मग जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. त्या पानावरचा शून्य हलला. आधी एक, मग भराभर. चिपळूणच्या बाईनं लिहिलं, की मावशी, अ‍ॅप काढून टाकलं, तुमच्या लिंकवरून घेतला, शंभर जास्त गेले तर जाऊ द्या, आणि झाकण खरंच ढिलं आहे. ज्यांनी आमचं गाव नकाशावरही पाहिलं नसेल, ज्यांना आम्ही कधी चहा पाजला नाही, त्या बाया एका अनोळखी बाईचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून पदरचे शंभर घालत होत्या! मी ते एकेक वाचत होतो आणि माझा चष्मा सारखा धुरकट होत होता. गोमतीबाई मात्र रागावली, की सांगितलं तसं ऐकत नाहीत, शंभर वाचवा म्हटलं तर वाचवत नाहीत.

कंपनीनं महिन्याभरात तिची लिंक बंद केली. नियमभंग, असा एकच शब्द लिहून आला. पानावर जेवढं चढलं होतं तेवढं मात्र प्रज्वलनं भांडून पाठवायला लावलं. (सदरा परत केला नाही. राहू दे.)

आता ती मानोऱ्याकडच्या रूपालीचे लोखंडी तवे दाखवते. रूपालीचं ना अ‍ॅप, ना चिठ्ठी. घरचा कारखाना आहे, सासरा आणि नवरा तवे घडवतात, ही फोन घेते. फोन आला की पहिलं विचारते, कोणाचं ऐकून घेता? गोमतीबाईचं नाव निघालं की कमिशन पाठवते. कोणी तवा परत केला तर तोही कळवते आणि कशानं परत केला त्याचा फोटो धाडते. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, "काकू, तुमचं कमिशन मी तव्याच्या किमतीवर चढवत नाही, माह्या नफ्यातून देतो, म्हणून थोडं आहे." विचार कर, कोण फोनवर काय बोललं हे आम्हाला कसं कळणार? ती गप्प बसली असती तर आम्हाला जन्मात समजलं नसतं. जे कोणालाच दिसत नाही तिथे माणूस सरळ वागतो, हे पाहायला मिळालं, आणखी काय पाहिजे? (गोमतीबाईच्या मते तव्याचा दांडा आखूड आहे. तिनं ते व्हिडिओत सांगितलं. रूपालीनं दांडा वाढवला.)

असो. पत्र लांबलं, तरी मनातलं सगळं आलं नाही. धम्मदीपाला जयभीम, तुला पाठीसाठी आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
इंद्रभान

ता. क. : पत्र गोमतीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणते शर्ट पांढरा नव्हता, बदामी होता, आणि तू चेहऱ्याबद्दल खरं सांगितलंस तरी चालेल.

आणखी ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. नागपूरकडची मागणी फार आहे आणि इथून एकेक तवा पाठवणं परवडत नाही. तुझ्या जिन्याखालची जागा रिकामीच असते, हे गोमतीबाईला आठवलं. तुझं कमिशन तिनं ठरवलं आहे. भाऊ आहे म्हणून फुकट राबवायचा नाही, असं तिचं स्पष्ट मत आहे. तू नको म्हणालास तर ती रागावेल. जास्त मागितलंस तरी रागावेल.

शेवटचा ता. क. : हे पत्र पोस्टानं आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. वरच्या तव्याखाली ठेवलं होतं. म्हणजे तू हे वाचतो आहेस तेव्हा गठ्ठा सुटलेला आहे आणि टेम्पोवाला निघून गेलेला आहे. धम्मदीपाला एवढंच सांग, की हे चाळीस तवे म्हणजे काही दिवसांचीच अडचण आहे. (बाकीचे सोमवारी येतात.)