पाच मोजेपर्यंत

४ जून

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या लाडक्या भाचीने, मिरचीने, दहा दिवसांत माझ्यासमोर पुस्तक उघडलेलं नाही. चूक माझीच. पोर हुशार आहे, पण तिला वाचन जड जातं, तो हट्टीपणा नव्हे, असं शाळेतल्या विशेष शिक्षणाच्या बाईंनी समजावलं आणि एकच उतारा रोज चारदा मोठ्याने वाचून घ्यायला सांगितलं. मी पडलो घड्याळजी! दुकानातलं स्टॉपवॉच टेबलावर ठेवलं. ती जरा अडली की शब्द मीच सांगून मोकळा. तिसऱ्या दिवशी तिने उतारा फाडला, स्टॉपवॉच भिंतीवर फेकलं. ते दुरुस्त झालं. पण ती आईजवळ वाचते आणि मी आलो की गप्प. माझ्यासमोर पुन्हा कधी वाचेल का गं?

तुझी बोलणी खायला तयार,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बोलणी कसली, मला हसूच आलं. विसरलास? तूही असाच अडायचास. अण्णा ओरडायचे आणि तू पलंगाखाली जाऊन बसायचास. मग मी पुस्तक घेऊन तिथेच शिरायचे. तू अडलास की मनात पाच मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही. बहुतेकदा तिनालाच तुझा शब्द यायचा.

घड्याळ दुकानातच राहू दे. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ते तिच्या हाती दे. आत बाबांची फजिती आहे म्हणावं.

दोघांच्या पत्राची वाट पाहणारी,
ताई

२० जून

ती. आत्यास,
सा. न.

चुका बाबांनी सुधारल्या, बाकी सगळं माझं.

फजिती म्हटल्यावर मी वाचलंच. बाबांना तुझं पत्र चारदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी सात ठिकाणी अडले. बाबा पाठीमागे बोटांवर मोजत होते, मला आरशात दिसलं. चौथ्यांदा एकदाच अडले.

मग मी बाबांना वाचायला लावलं. ते ‘मी पुस्तक घेऊन’ इथवर आले आणि थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर म्हणाले, आत्या तिथे शिरली म्हणून मी वाचायला शिकलो, तिचे उपकार फिटायचे नाहीत, असं लिही. लिहिलं.

पण तेव्हा त्यांना पुढचा शब्द येईना. मला येत होता, तरी सांगितला नाही. मनात पाच मोजले. मग पुन्हा एकपासून मोजले.

पुढचं पत्र लांबलचक हवं.

तुझी,
मिरची