ओवाळणीवरचा कर

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज
दिनकरदादाने ओवाळणीत दीड लाख टाकले! रोख. मी ताट हातात धरून तशीच उभी. मानवतला त्याची कापसाची आडत. यंदा तिथली एक जागा विकली म्हणे. "वरची खोली बांधून घे सविता. न्हाई म्हनू नको." मी चौथीत असताना आईने मला त्याला राखी बांधायला लावली. तेव्हापासून त्याची एक भाऊबीज चुकली नाही. मला दुसरा भाऊ तरी कुठे आहे?

५ नोव्हेंबर
पैसे बँकेत भरले. गवंड्याला निरोप धाडला.

१४ नोव्हेंबर
शाळेत डबा खाताना सहज बोलून गेले. रामप्रसाद सर म्हणाले, परक्याकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर आले की सगळ्या रकमेवर कर. लग्नातला आहेर सुटतो, सख्ख्या नात्यातलं सुटतं. मी म्हटलं, भाऊच आहे की तो! त्यांनी विचारलं, सख्खा का?

मी डब्याचं झाकण लावलं.

१६ नोव्हेंबर
परभणीत कर सल्लागाराकडे जाऊन आलो. सोबत हे होते. तो हसून म्हणाला, "मानलेला भाऊ कायद्यात बसत न्हाई ताई. परका म्हनूनच दाखवावं लागंल." कर भरता येईल, पगार आहे. पण घरी आल्यावर दारात कुलूप काढताना हे म्हणाले —

"परका मानूस इतके पैसे कशापायी देतो?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

१९ नोव्हेंबर
निवडणुकीची ड्युटी. ह्यांनी सोडायला येणं टाळलं. ऑटोने गेले.

२२ नोव्हेंबर
पैसे परत करू? दादाला काय सांगू, तू परका आहेस म्हणून? आणि परत केले तर ह्यांना वाटेल, काहीतरी होतंच. दोन्हीकडून मरण! भीती वाटते. फार भीती वाटते.

२४ नोव्हेंबर
झरीला आईकडे. तिला सगळं सांगितलं. शेंगा फोडत बसली होती, सूप बाजूला सारलं. मग म्हणाली,

"परका न्हाई त्यो. तुज्या बापाचाच हाय."

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. दादाला माहीत आहे का, विचारलं. नाही म्हणाली. "लेकराचा काय गुन्हा? मीच त्याला तुज्यापुढं पाटावर बसवला. त्याची माय कमलबाई अजून हाय. हे कुटं बोलू नको."

२८ नोव्हेंबर
फक्त ह्यांना सांगितलं. ह्यांनी गाडी काढली, माझ्यासोबत कर भरायला आले. इतकी वर्षं मानलेल्या भावाला मी कधी परका म्हटलं नाही. आज कागदावर म्हटलं — रक्ताच्या भावाला.