कालव्याच्या पुलावर कुणी हात लावायचा नाही

९ फेब्रुवारी १९९७, रविवार

घेतलं! समाधानला घेतलं! सहा जणांत सहावा, पण घेतलं!

आशियाई सायकल टाइम ट्रायल, पुरुषांची, बारामती ते इंदापूर, पुढच्या रविवारी. भारताची सहा नावं, त्यात शेवटचं आमच्या धाकट्याचं. दत्तोपंत सर बारामतीहून पळसदेवपर्यंत स्वतः सांगायला आले. स्कूटर बंद करायचंही सुचलं नाही त्यांना. दारात फटफट चालू आणि हे ओरडतायत — "पहिल्या दहात ये! दहात आलास तर देशाच्या संघात कायम. सायकल, कोच, खुराक, सगळं. अकरावा आलास तर मासळी आहेच!"

आप्पा म्हणाले, "मासळीला काय झालं? मासळीवरच तर शिकला त्यो."

खरंय. चार वर्षं रोज सकाळी उजनीची मासळी, सायकलला मागं पेटी, पेटीत बर्फ, आणि बर्फ वितळायच्या आत इंदापूरचा बाजार. दत्तोपंत म्हणजे रिटायर्ड पी.टी. मास्तर. त्यांना तो रस्त्यावरच सापडला. स्कूटरवरून मासळीवाला गाठता येईना, म्हणून चिडून चिडून शेवटी नाव विचारलं!

आज माझं लिहिणं झालं नाही. बरं झालं.

१० फेब्रुवारी

कथा परत आली. "यात काही घडत नाही." एवढंच. सहीसुद्धा शिक्क्याची.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हा खेळ कसला भारी आहे! एकेकाला सोडतात, दोन-दोन मिनिटांनी. कुणी कुणाला दिसत नाही. शर्यत, पण शेजारी कुणी नाही. समोर रस्ता, आत घड्याळ. चाळीस माणसं एकाच रस्त्यावर, सगळी एकटी! दत्तोपंत सांगत होते की याचं जागतिक अजिंक्यपद सुरू होऊन तीनच वर्षं झालीत. मला वाटलं मीच शोधून काढलंय.

आईला समजावत बसलो.

"मंग जिंकलं कोण ते दिसतं कसं?"

"दिसत नाही आई. शेवटी कळतं."

"शेवटापत्तुर कायच न्हाय?"

"नाही."

"तुझ्या गोष्टीगत हाय की."

समाधान हसून हसून पोट धरून आडवा झाला. मला राग यायला पाहिजे होता. मीही हसलो.

मलाही काम मिळालंय. स्वयंसेवक. पिवळी टोपी, शिट्टी, छातीवर बिल्ला. दत्तोपंत म्हणाले, "एम.ए. आहेस. कालव्याच्या पुलावर उभा राहा आणि लोकांना नियम समजावून सांग." एम.ए.चा पहिलाच उपयोग!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पूल म्हणजे अवघड जागा निघाली.

ऊसतोडीचे दिवस. कारखान्याच्या गाड्या दिवसभर चाललेल्या, आणि पुलाचा चढ असा उभा की बैल गुडघ्यावर येतात. म्हणून वस्तीवरच्या माणसांची सवय अशी, की चढाला गाडी दिसली की हातातलं टाकून पळायचं आणि मागून हात लावायचा. कुणाची गाडी, कुठली, विचारायचं नाही. आभार नाहीत, पैसे नाहीत. हात लावायचा, गाडी वर गेली की परत कामाला.

आज सकाळी सराव चालला होता. जपानचा एक पोरगा चढाला आला, उभा राहून पायडल मारायला लागला. आणि वस्तीवरचा झुंबर कुदळ टाकून पळत सुटला! मागून आणखी दोघं! धरली सीट, "हाऽऽन!" — जपान थेट पुलावर. वर पोचल्यावर त्यानं मागं वळून बघितलं, डोळे एवढाले, आणि कमरेत वाकून नमस्कार केला. हे तिघं खूश.

मी शिट्टी फुंकून फुंकून बेजार. कुंडलिकतात्या, वस्तीवरचे सगळ्यांत जाणते, बाभळीखाली बसले होते. त्यांनाच गाठलं.

"तात्या, रविवारी कुणी हात लावायचा नाही. लावला तर वेळेत वीस सेकंद वाढवतात."

"हात लावला म्हणून दंड?"

"व्हय."

"आन् न्हाय लावला तर?"

"तर बरोबर."

तात्या म्हणाले, "मास्तर, पाव्हणा आपल्या दारात धापा टाकतोय आन् आमी बघत बसायचं? ह्यो कसला खेळ म्हणायचा?"

शेजारी भामाबाई, वय सत्तर तरी असेल. म्हणाली, "माजा हात ऐकायचा न्हाय बाबा. त्यो आपला आपण जातो."

"मग बांधून ठेवा हात!" मी म्हणालो. फार तावात. नियम किती सुंदर आहे, माणूस एकटा कसा, त्याचं यश कसं फक्त त्याचं, यावर पाऊण तास बोललो. शेवटी तात्यांनी सगळ्यांकडून वचन घेतलं. मला उगाच पुढाऱ्यासारखं वाटत होतं.

१५ फेब्रुवारी

समाधाननं जेवण परत केलं. त्याच्या वाटच्या दोन भाकरी मी खाल्ल्या. माझंच पोट दुखतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहावा!! दहावा दहावा दहावा!

नीट लिहितो. क्रमानं.

सकाळी आठला पुलावर. वस्ती आधीच हजर. पोरंसोरं, म्हाताऱ्या, उसाच्या गाड्या बाजूला सोडलेल्या, बैलांच्या शिंगांना फुगे. पहिला आला श्रीलंकेचा. चढाला पार दमला बिचारा. सगळ्यांचे हात वळवळायला लागले — आणि कुणी हलला नाही! तात्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरलेले. झुंबर स्वतःच्या हातांवर बसलेला. आणि भामाबाईनं खरंच हात पदरात गुंडाळून गाठ मारलेली! सगळे नुसते तोंडानं ओरडतायत, "चल पाव्हण्या! आलं आलं! एवढंच ऱ्हायलं!" इराणी गेला, कोरियन गेला. कोरियाचा तर जवळजवळ थांबलाच होता. कुणी हात लावला नाही. माझी छाती फुगलेली. हे मी शिकवलं यांना!

मग तेवीस नंबर. समाधान!

काय येत होता! मान खाली, पाठ आडवी, मासळीची पेटी नसल्यानं जणू हलका झालेला. चढाला लागला, गिअर टाकला — आणि खाड् करून चेन निसटली.

उतरला. बोटांनी चेन बसवली. सात-आठ सेकंदं गेली असतील, मला तास वाटला. परत बसला तर उभा चढ, सायकल वेग घेईना, पाय पायडलच्या पट्ट्यात जाईना, चाक डुलायला लागलं —

माझा हात गेला.

टोपी, शिट्टी, बिल्ला, सगळ्यासकट मी पळत गेलो आणि त्याच्या पाठीला हात लावून ढकललं. चार पावलं. पाच असतील. गेला तो, वर, पलीकडं, दिसेनासा झाला.

मागं वळलो. सगळी वस्ती माझ्याकडं बघतेय. मागच्या मोटरसायकलवरून परदेशी पंच निघून गेला. त्याची मान खाली होती, मांडीवरच्या वहीत. त्यानं पाहिलं नाही. बहुतेक.

कुंडलिकतात्या, हात अजून पाठीमागंच. हळूच म्हणाले, "मास्तर — नियम?"

भामाबाई पदराची गाठ सोडत म्हणाली, "म्या म्हनलं न्हवतं? त्यो आपला आपण जातो."

नंतर एका ट्रॅक्टरवरून इंदापूर. शेवटचा कझाकस्तानचा येईपर्यंत जीव टांगलेला. मग भोंग्यावर नावं एकेक. सात — नाही. आठ — नाही. नऊ — नाही. दत्तोपंतांनी माझं मनगट असं दाबलं की अजून वळ आहेत. "दहा — समाधान, भारत!" अकरावा थायलंडचा, सात सेकंदांनी मागं.

इंदापूर पेटलं! हलगी, फटाके. गुलाल निळा का गुलाबी यावर दोन मिनिटं भांडण, मग दोन्ही! पळसदेवची पन्नास माणसं टेम्पोतून. बाजारातल्या मासळीवाल्या बाया सगळ्यांत पुढं नाचत होत्या. "आमचं बर्फवालं पोरगं!" आप्पा, ज्यांना मी आयुष्यात नाचताना पाहिलं नाही, ते नाचले. आईनं सगळ्यांदेखत समाधानची पप्पी घेतली आणि मग लाजली. दत्तोपंत खांद्यावर! धोतराचा काष्टा सुटला तरी हात वरच!

मी घसा बसेपर्यंत ओरडलो. इतका आनंद मला झालेला आठवत नाही.

मिरवणुकीत समाधान माझ्या कानाशी आला. "दादा, तू ढकललंस."

"गप. नाच."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी म्हणाला, "पंचाला सांगायचं."

मी बाहेर काढला त्याला, धरणाच्या कडेला. आईच्या कानावर जायला नको.

"वीस सेकंद वाढले की अकरावा होशील. संघ गेला. कळतंय का?"

"कळतंय."

"चार पावलं ढकललं रे! दोन सेकंदांचा फायदा नसेल झाला! आणि चूक माझी. तू मागितलं होतंस का?"

"तिथं त्या म्हातारीनं हात बांधला होता दादा. मी बघितलं जाताना."

"त्याचं काय?"

"काय न्हाय. पण तिनं बांधला होता." खडा टाकला पाण्यात. "आन् त्यो थायलंडवाला. त्यालापण एखादा दादा असंल. त्यो काय करत असंल आता?"

मी खूप बोललो. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. न्याय, परिस्थिती, आपल्या लोकांना आजवर कुणी काय दिलं — सगळं वापरलं. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "तुला यायचं नसंल तर मी एकटा जातो. उद्या सकाळी निघणारेत ती लोकं."

दत्तोपंतांना फोन केला. सगळं सांगितलं. मग — "घेऊन ये त्याला. इंग्रजी मी बोलतो."

शेजारचा म्हस्कू अजून फटाके उडवतोय. घरात पेढे आलेत चार किलो. मला एक जाईना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बारामतीचं विश्रामगृह. पंचांच्या बॅगा गाडीत चढलेल्या. दत्तोपंतांनी सांगितलं, समाधान ताठ उभा, मी मान खाली. पंच हसला. बॅग उघडून कागद काढला, तेवीस नंबरावर बोट ठेवलं. पुलावर ढकललं, वीस सेकंद — रविवारीच धरलेली होती! ती धरूनच दहावा!

आणि न ढकलता? पंचानं बोट वर सरकवलं. आठवा.

दोन नंबर मागं ढकललं मी त्याला. विश्रामगृहाच्या पायरीवर बसून समाधान एवढा हसला, की पंचही गाडीतून उतरून बघायला आला.