अत्तर न लावलेलं जाकीट

चाचा, तुम्हाला आवडणार नाही अशी गोष्ट आधीच सांगून टाकते. तुमचा कारखाना पुन्हा चालू झाला आहे, आणि आम्ही कपड्याला अत्तर लावत नाही. आता रागवायचं ते रागवून घ्या, मग पुढचं वाचा.

कारखाना म्हणजे काय, तर पठाणपुऱ्याजवळच्या गल्लीतली एक लांबट खोली, तीन-चार मशिनी आणि मागच्या अंगणात रंगाची भांडी. पण तुम्ही कोणाला दुकान म्हणू द्यायचा नाहीत. बारावी करून मी गावाहून शिवण शिकायला आले, तेव्हा सगळं चंद्रपूर टेरिकॉट घालत होतं. तुम्ही मात्र लग्नाच्या शेरवान्या बाजूला ठेवून, रानात फिरणाऱ्यांसाठी हातमागाच्या सुती कापडाची जाकिटं शिवायला घेतली होतीत. कापड आधी हिरड्याच्या आणि मग गंजक्या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं की ऐनाच्या झाडाच्या सालीसारखा करडा रंग यायचा. बटणं करवंटीची. त्या करवंट्या तुम्ही महाकालीच्या देवळापुढच्या नारळवाल्याकडून आणायचात. "जंगलात पडलं त जंगलात सडलं पाहिजे. प्लास्टिक नाई सडत," म्हणायचात. फाटलेलं जाकीट कोणी कधीही आणलं तरी पुन्हा शिवून द्यायचात, आणि आणणाऱ्याला वर दोन शब्द ऐकवायचात.

मला एक दुपार अजून दिसते. मी खिसा लावून जाकीट तुमच्यापुढे धरते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता, दोन बोटांनी खिसा ओढता आणि तो सरळ तुमच्या हातात येतो. "हे का लगनात मिरवाचं जाकीट हाये? रानात खिसा फाटला त माचिस पडते, चाकू पडते. मंग मानूस काय करन? उसव." मी उसवलं, नाक ओढत शिवलं, पुन्हा उसवलं. संध्याकाळी तुम्ही समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी चहा आणि समोसा मागवलात आणि खिशाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. म्हणजे जमला होता.

जाकीट कागदात गुंडाळायच्या आधी तुम्ही मोगऱ्याच्या अत्तराचा फाया कॉलरच्या आतून फिरवायचात. तुमच्या वडिलांपासूनची रीत. "कोरा कपडा हातात देनं म्हन्जे पाहुन्याले उपाशी धाडनं, बेटा." शेरवानीला ते शोभायचं. रानातल्या जाकिटाला अत्तर कशाला, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शिवाय तो वास मलाही आवडायचा.

मग जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्ली गावातल्या, पाहुण्यांना रान दाखवणाऱ्या गाइड मंडळींनी आपली जाकिटं घेतली. किती खूश होतात तुम्ही! नवी जाकिटं घालून ते पाहुण्यांना घेऊन निघाले आणि अर्जुनाच्या एका मोठ्या झाडाखाली आग्या मोहोळ उठलं. माणसं नाल्यात लोळली. जीव वाचले, पण तोंडं सुजून भोपळे झाली. जुन्या सदऱ्यावर आलेल्या एका गाइडला मात्र एकही माशी चावली नाही. झालं. सगळा दोष अत्तरावर आला आणि सगळी जाकिटं गाठोडं बांधून परत आली.

तुम्ही शेवटपर्यंत मानलं नाहीत. "मधमाशीची अन् अत्तराची काय दुश्मनी? कोनीतरी झाडाखाली बिडी ओढली असन. धूर लागला असन." सगळे म्हणाले, अत्तर सोडा. मीही एकदा चाचरत म्हणाले. तुम्ही असं पाहिलंत की मी मशीनमध्ये मान घातली. 'अत्तरवाले जाकीट' हे नाव चिमूरपासून राजुऱ्यापर्यंत पोचलं आणि लोक हसायला लागले. रंगाची भांडी उपडी झाली, शाळांचे गणवेश सुरू झाले. तुमचा हात तोच होता, पण त्या निळ्या पँटी तुम्ही कधी उजेडात धरून पाहिल्या नाहीत. पुढे थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात.

तुमच्या मुलांनी त्या खोलीत मोबाइलचं दुकान काढलं, तेव्हा मशिनी आणि उरलेली कापडाची थानं मला दिली. तोवर मी लग्न होऊन मोहर्लीला आले होते. थानं उघडली आणि घरभर मोगरा! इतकी वर्षं अत्तराच्या बाटल्यांशेजारी बंद कपाटात राहून वास धाग्याधाग्यात मुरला होता. मी ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, कुंपणावर वाळवली, परत धुतली. सासूबाई नाक लावून सांगायच्या, "अजून हाये." शेवटी एकदा म्हणाल्या, "आता निरा कापडाचाच वास येऊन राह्यला." त्याच दिवशी मी हिरडे भिजत घातले.

घरात ठरलं होतं, इथल्या गाइडांनी जाकिटं घेतली तर कारखाना चालवायचा, नाहीतर मशिनी विकून मोकळं व्हायचं. रानातल्या माणसानेच अंगात घातलं नाही तर दुसरं कोण घालणार? त्या वेळी ज्यांचं तोंड सर्वांत जास्त सुजलं होतं, ते भाऊ आता गाइडांमध्ये वडीलधारे. त्यांनी जाकीट हातभर लांबूनच पाहिलं.

"नाई बाई. एकदा खाल्ला तो मार बस झाला."

"अत्तर नाही लावलं, भाऊ."

"मले काय मालूम? तूच घाल अन् चाल माह्यासंगं त्या झाडाखाली. माश्या नाई उठल्या त आमी सारे घेऊ."

गेलो. स्वतःसाठी त्यांनी जाड घोंगडं घेतलं होतं, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. सकाळचं ऊन आहे, उंच फांदीला मोहोळ लोंबतंय, त्याची घूं घूं पोटात ऐकू येते. भाऊ बरेच मागे थांबतात. मी खोडाला हात लावून उभी राहते. एक माशी खाली येते, माझ्या कॉलरवर बसते, थोडी चालते आणि उडून जाते. मागून दबका आवाज येतो, "ये वापस. झालं." वाटेत भाऊंनी जाकीट माझ्या अंगावरून उतरवून घेतलं, घातलं, दोन्ही खिसे जोर लावून ओढले. "चाच्याचा हात हाये," म्हणाले.

आता आम्ही चौघीजणी शिवतो. नागपूरहून येणारे पाहुणेही नेतात. फाटलेलं अजून दुरुस्त करून देतो, दोन शब्दही ऐकवतो. दुपारी रंगवलेलं कापड कुंपणावर वाळत असतं, सासूबाई बकऱ्या हाकत असतात, मी ओसरीत बटणांची काजं करत बसते. सुखात आहे मी चाचा, दृष्ट लागावी इतकी.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमच्या मुलांना दाखवलं तर हसतील. पेटीत राहील. म्हणूनच एवढं लिहिते. ती माशी कॉलरवर बसली तेव्हा सगळा कारखाना तिच्या एका डंखावर होता, आणि तरी माझ्या मनात आलं, चाव. अत्तर नसतानाही चाव. म्हणजे तुमचं खरं होतं, असं मला सगळ्या मोहर्लीला ओरडून सांगता आलं असतं. ती उडून गेली. परत येताना माझे डोळे भरले होते. भाऊंना वाटलं, घाबरली पोरगी. मी तसंच वाटू दिलं.