कुंडीची थाळी

३ जून
आज रुजू झाले. प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, एक खडखडणारा फ्रीज आणि आमच्या प्रमुख बाई. काम ऐकून ताई हसली. म्हणाली, एवढं शिकून शेवटी चिखलच चिवडायचा होय! मातीतले जिवाणू थाळीत वाढवायचे. एखाद्याभोवतीचे रोगजंतू मरून स्वच्छ कडं पडलं, की तिथे नवं औषध दडलेलं असू शकतं. ताईच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला दाद देत नाही. महिनाअखेर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून पहिली चिमूट तिच्याच कुंडीतली घेतली. दुसरी कुंपणामागच्या तुकड्यातली, जिथे गवतसुद्धा उगवत नाही.

९ जून
दोन्ही थाळ्यांत कडी! कुंडीचं अकरा मिलिमीटर, कुंपणाचं चौदा. मी नाचलेच. बाईंनी मात्र कान उपटले. नाव झाकणावर का लिहिलंस, बुडावर लिहायचं, झाकणं बदलतात म्हणे. बाईंना खुसपट काढल्याशिवाय चहा गोड लागत नाही.

१७ जून
कुंडीच्या जिवाणूने कातडीच्या पेशींना धक्काही लावला नाही. कुंपणाच्याने सगळंच मारलं. ती थाळी आजच वाफेत घालून संपव, असं बाईंनी बजावलं. फोटोसाठी दोन्ही झाकणं काढली होती. ती लावली आणि कुंपणाची थाळी संपवली.

२१ जून
माणसावर वापरायला अजून वर्षं लागतील, असं बाई म्हणतात. ताईकडे नऊ दिवस आहेत. आज कुंडीच्या थाळीतला अर्क चोरून नेला आणि बोटाने जखमेवर लावला. हातमोजे विसरले. चोरी ती चोरीच, पण राहवेना.

२३ जून
जखम कोरडी! वास गेला. दोघी गळ्यात पडून रडलो. ताई लंगडत उठली आणि कुंडीला पाणी घालून आली.

२५ जून
जखमेभोवतीची कातडी काचेसारखी झाली आहे. खालची शीर दिसते. दुखत नाही, म्हणते. त्या कातडीचं कडं सकाळी चौदा मिलिमीटर. दुपारी एकोणीस.

२६ जून
सतरा तारखेचे फोटो पुन्हा पाहिले. त्यांत कुंडीचा जिवाणू पांढरा. उरलेल्या थाळीतला करडा. झाकणं बदलली – मीच – चांगली थाळी मीच संपवली.
बाईंना सांगितलं. त्या माझ्या बोटाकडे बघत मागे सरकल्या.
पुन्हा माती आणायला धावले. कुंडीतलं रोप गळलंय. मुंग्या मेल्यात. पाणी घालताना ताईचा हात लागला –

२७ जून
डॉक्टर विचारतात, पाय कापायचा कुठून? कडं मांडीपर्यंत – मोजपट्टी पुरत नाही –
ताई विचारते, बरी होतेय ना गं मी? हो म्हणाले.
पट्टी माझ्या बोटाखाली धरली. बोटाआरपार आकडे वाचता येतात. एकवीस. बावी